‘वेटोळे’ या शब्दाचा अर्थ, त्याचे कूळ आणि त्याची भावंडे

लातूर जिल्ह्यात विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : पाठ्यपुस्तकात ‘सर्पिल’ हा शब्द येतो आणि मुले अडतात, ‘वेटोळे’ म्हटले की त्यांना लगेच उमगते. मग डासांची कॉइल, दोराचा पीळ, गोगलगाईचे कवच आणि दौलताबादच्या चांदमिनारातील जिना या सगळ्यांना वेटोळेच म्हणायचे का? ‘वेटोळे’ आणि ‘वाटोळे’ हे मुळात एकच शब्द आहेत का? आणि गावातली म्हातारी माणसे ‘येटोळं’ म्हणतात, ते अशुद्ध समजायचे का?

मी गेली तीस वर्षे मराठवाड्यात मराठी शिकवतो आणि बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवतो. आकारांची नावे हा त्या वहीतला मला सर्वांत प्रिय भाग आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, पण आधी मुद्द्याचे सांगतो. या सगळ्या वस्तूंना वेटोळे म्हणू नये. आकार जमिनीवर पसरला आहे की लांबीच्या दिशेने पुढे जातो आहे, तो स्वतःभोवती वळला आहे की दुसऱ्या कशाभोवती, तो स्थिर आहे की फिरतो आहे, हे पाहून मराठी माणूस वेगवेगळे शब्द वापरतो. ज्यांनी दोर वळले, वाती वळल्या, डोक्यावरून पाणी वाहिले आणि बैल पारखून घेतले, त्यांच्या हातांनी केलेली ही वाटणी आहे आणि ती भूमितीच्या दृष्टीनेही पक्की आहे.

प्रथम वेटोळेच घेऊ. साप वेटोळे घालून बसतो, उन्हाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळीचे वेटोळे गोठ्याच्या भिंतीला टांगलेले असते, आणि पोटातल्या आतड्यांचीही वेटोळी असतात. या सर्व ठिकाणी एक लांब, लवचीक वस्तू स्वतःच्याच अंगाभोवती वळून थोड्या जागेत निजलेली आहे. मधे खांब, काठी किंवा सावज नाही. ते असते तर शब्द बदलतो. अजगर सावजाला विळखा घालतो, वेटोळे घालत नाही. सैन्य किल्ल्याला वेढा देते. वाटसरू डोंगराला वळसा घालून जातो. विळख्यात आवळणे आहे, वेढ्यात कोंडणे आहे, वळशात नुसते फिरून जाणे आहे. वेटोळ्यात मात्र विसावा आहे, आणि म्हणूनच ‘वेटोळे घालून’ या शब्दांनंतर ‘बसणे’ किंवा ‘पडून राहणे’ अशीच क्रियापदे येतात.

याच जातीची आपल्याकडची एक घरगुती वस्तू म्हणजे चुंबळ. घागर डोक्यावर ठेवण्यापूर्वी बाई जुन्या लुगड्याचा पट्टा हाताने पिळते, त्याचे दोन-तीन फेरे एकावर एक बसवते, शेवटचे टोक आत खोचते आणि ते कडे टाळूवर ठेवते. घागरीचा गोल बुड त्या कड्यात बसतो, भार डोक्यावर सारखा वाटला जातो आणि दोन्ही हात मोकळे राहिले तरी घागर हलत नाही. पिळताना ते कापड पीळ असते आणि बसवल्यावर ते वेटोळे होते. तमिळमध्ये या वस्तूला सुम्माडु आणि कन्नडमध्ये सिंबे म्हणतात. चुंबळ या शब्दाचे नातेवाईक संस्कृतापेक्षा तिकडेच शोधावेत असे माझे मत आहे.

पीळ आणि वेटोळे यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल तर चकली तळताना दाखवावा. सोऱ्या गोल फिरवत चकली पाडली की कागदावर आतून बाहेर जाणारी रेघ उमटते. समजा ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेर गेली आहे. ती कढईत सोडावी, एक बाजू लालसर झाली की झाऱ्याने उलटावी आणि पुन्हा मधल्या टोकापासून नजर फिरवावी. आता तीच चकली काट्यांच्या उलट दिशेने बाहेर जाताना दिसते. चकली तीच आहे, फक्त आपण तिची दुसरी बाजू पाहतो आहोत. म्हणजे सपाट वेटोळ्याला स्वतःचा असा उजवा-डावा नसतो. पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर ते ठरते.

त्यानंतर अंबाडीच्या किंवा केकताडाच्या वाखाचा दोर हातात घ्यावा. त्याचा पीळ नीट पाहून घ्यावा, मग दोर उलटा धरावा, शेंडा खाली आणि बुडखा वर. पीळ बदलत नाही. उजवा पीळ उजवाच राहतो आणि डावा डावाच. दोर वळणारा माणूस आधी एकेका पदराला एका दिशेने पीळ देतो आणि मग ते पदर एकमेकांवर उलट दिशेने वळतो. पदराची उलगडण्याची ओढ आणि दोराची उलगडण्याची ओढ एकमेकींना अडवतात, म्हणून सोडून दिला तरी दोर सुटत नाही. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण याच हस्तकौशल्यातून आली आहे. जळालेल्या काथ्याच्या दोरीची राख हात लागेपर्यंत पिळाचा आकार धरून राहते, आणि ज्याने ते पाहिले आहे त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

लोखंडात हाच पीळ कोरला की त्याला आटे म्हणतात. आटे पाडणे, आटे झिजणे, आटे जाणे हे शब्द आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरच्या आणि पंपाच्या दुकानात रोज ऐकू येतात. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, ते पायडल मारता मारता सैल होऊ नये म्हणून. ग्रंथात याच आकाराला मळसूत्र हा सुंदर शब्द आहे. मराठवाड्यात स्क्रूला पेचही म्हणतात. पेच हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ पीळ, वळसा असा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दूच्या वाटेने आलेले असे शब्द इथे अधिक मुरले. पगडीवरचा शिरपेच, कुस्तीतला डावपेच, पतंगांची पेच आणि मनातला पेच या सर्वांत एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्याचे चित्र एकच आहे.

आता व्युत्पत्ती. इथे तीन संस्कृत धातू लक्षात ठेवावेत.

पहिला ‘वेष्ट्’, म्हणजे गुंडाळणे. पालीत त्याचे रूप ‘वेठ’ होते आणि प्राकृतात ‘वेढ’. त्यावरून मराठीत वेढणे आणि वेढा आले. सोन्याची तार बोटाभोवती दोन-तीन फेरे देऊन केलेल्या साध्या अंगठीला वेढे म्हणतात, तेही याच घरातले. ‘वेष्टण’ हा शब्द मात्र संस्कृतातून जसाच्या तसा उचलला गेला आहे.

दुसरा ‘वृत्’, म्हणजे फिरणे, वळणे. याचा वंश फार मोठा आहे. वर्तुळ, वृत्त, आवर्त, परिवर्तन हे तर सरळच दिसतात, पण घरगुती शब्दांत हा धातू लपलेला असतो. देव्हाऱ्यातली वात म्हणजे मूळची ‘वर्ति’, वळून तयार केलेली. तळहातावर कापूस फिरवून वाती वळणाऱ्या आजीच्या हाताला तो अर्थ ठाऊकच असतो. चालायची वाट ही ‘वर्त्मन्’ या शब्दावरून आली. आणि ‘वर्तुल’ प्राकृतात ‘वट्टुल’ होऊन मराठीत ‘वाटोळा’ झाला. वाटोळा म्हणजे गोल. जुन्या मराठीत वाटोळा चेहरा, वाटोळे मोती असे सहज म्हणत, आणि आजही वयस्कर माणसांच्या बोलण्यात ‘गोल वाटोळा’ हा जोड टिकून आहे.

मग वाटोळे म्हणजे नाश कसा झाला? मला पटणारे स्पष्टीकरण असे आहे की हिशेबाच्या वहीत सर्वांत वाटोळे असे चिन्ह म्हणजे शून्य. ज्याच्या नावापुढे केवळ शून्य उरले त्याचे वाटोळे झाले. परीक्षेत शून्य मिळाले की ‘भोपळा मिळाला’ म्हणतात, तिथेही आकारावरूनच अर्थ निघाला आहे. कालांतराने नाशाचा अर्थ इतका जोरकस झाला की गोल हा अर्थ मागे पडला, आणि आता लेखनात कुणी ‘वाटोळा दगड’ म्हणत नाही, ‘वाटोळी भाकरी’ही म्हणत नाही. एका चांगल्या विशेषणाची ही गळती माझ्या मनाला लागते.

म्हणून वेटोळे आणि वाटोळे हे एक शब्द नव्हेत. अर्थाच्या दृष्टीने वेटोळे गुंडाळण्याचे आहे, म्हणजे वेष्ट् या घरातले; वाटोळे गोलपणाचे आहे, म्हणजे वृत् या घरातले. मात्र दोन्ही शब्द शतकानुशतके एकाच तोंडात नांदले आहेत, आणि वेटोळ्याच्या ‘ओळे’ या शेपटावर वाटोळ्याच्या उच्चाराची छाप पडली असावी असे मी मानतो. कोशात एकाखाली एक येणारे शब्द कित्येकदा परके असतात आणि दूरदूरच्या पानांवरचे सख्खे निघतात. वात आणि वर्तुळ यांचे तसेच आहे.

तिसरा धातू ‘वल्’, म्हणजे वळणे. वलय, वळण, वळसा, वळी हे शब्द आणि ‘वळणे’ हे क्रियापदही याचेच. मराठीत दोर वळतात, शेवया वळतात, लाडू वळतात, गुरे वळतात आणि मूठही वळतात. हाताच्या गोल फिरण्याला आपल्या भाषेने हा एकच धातू पुरवला.

या धातूचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्याच भूमीशी नाते असलेल्या कवीने दिले आहे. पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णीपण ज्यांच्या घराण्यात होते त्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवासे येथे सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन येते. कुंकवात नाहलेले नागाचे पिलू वळण घेऊन निजावे तशी ती निजली आहे, आणि तिची वळणे किती, तर ‘औट’. औट म्हणजे साडेतीन. ‘अर्धचतुर्थ’ या शब्दाचे, म्हणजे चौथे ज्यात अर्धेच आहे त्याचे, प्राकृतातून झिजत आलेले हे रूप आहे. ‘कुंडल’ म्हणजे कडे, कानातला दागिना. ‘कुंडली’ म्हणजे कडी करून बसणारा, अर्थात साप. वेटोळ्याचा संस्कृत प्रतिशब्द हवाच असेल तर तो ‘सर्पिल’ नसून ‘कुंडल’ आहे, कारण सर्पिल हा शब्द सापाच्या सरपटण्याकडे बोट दाखवतो आणि कुंडल त्याच्या बसण्याकडे. सर्प हा ‘सृप्’, म्हणजे सरकणे, या धातूवरून आला आहे. पाठ्यपुस्तकातल्या शब्दाला मी चूक म्हणत नाही. तो रूढ झाला आहे आणि आपली आकाशगंगा ‘सर्पिल दीर्घिका’ म्हणूनच शिकवली जावी. पण मुले का अडतात त्याचे कारण इथे आहे. साप सरपटताना नागमोडी रेघ काढतो आणि बसताना वेटोळे घालतो. ‘सर्पिल’ म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर आधी नागमोडी रस्ता येतो.

फिरणाऱ्या आकाराला मराठीत वेगळे नाव आहे : भोवरा. हा ‘भ्रम्’, म्हणजे गरगर फिरणे, या धातूचा. भोवळ, भोवती, भोवणे हे शब्द त्याचेच सोबती. पुरात गोदावरीच्या पात्रात पडतो तो भोवरा, पोरे दोरी गुंडाळून फेकतात तोही भोवरा आणि बाळाच्या टाळूवर केस जिथून गोल फुटतात तोही भोवराच. केसांचा भोवरा फिरत नाही, पण फिरल्याची खूण त्यात गोठलेली असते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत देवणी किंवा लाल कंधारी बैल घेताना जाणता शेतकरी दातांबरोबर अंगावरचे भोवरेही पाहतो, कारण कोणता भोवरा कुठे असावा याचे शुभाशुभ ठरलेले आहे. संस्कृतातल्या अश्वशास्त्रात हेच घोड्यांसाठी ‘आवर्त’ या नावाने सांगितले आहे.

चकलीचे नाव हा थोडा वादाचा विषय आहे. ती चक्रासारखी दिसते म्हणून ‘चक्र’ या शब्दाशी तिचे नाते बहुतेक सांगतात. परंतु संस्कृतात ‘शष्कुली’ नावाचा तेलात तळलेला जुना खाद्यपदार्थ आहे, आणि आयुर्वेदात कानाच्या बाहेरच्या वळणदार पाळीला ‘कर्णशष्कुली’ म्हणतात, म्हणजे वळणाची कल्पना त्या शब्दाभोवती होतीच. कन्नडमधल्या ‘चक्कुली’ या रूपाकडे पाहिले की मला शष्कुलीचा दावा अधिक बळकट वाटतो. चक्राशी नाते लोकांनी आकार पाहून नंतर जुळवले असावे. जिलबीबद्दल मात्र शंका नाही. अरबी ‘झलाबिया’ आणि फारसी ‘झुल्बिया’ या नावांवरून तिचे नाव आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत आयुष्य घालवलेल्या प. कृ. गोडे यांनी तिचा इतिहास तपासला आणि पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात तिचा उल्लेख दाखवला.

चकली आणि शंख यांच्यातला भेद विज्ञानाच्या तासाला फार उपयोगी पडेल. चकलीच्या दोन फेऱ्यांतले अंतर आतून बाहेरपर्यंत सारखेच असते. या आकाराचा अभ्यास इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने केला. डासांची कॉइल याच जातीची आहे. पाकिटातून काढताना दोन कॉइली एकमेकींत अडकलेल्या निघतात आणि नीट सोडवल्या नाहीत तर मोडतात, त्याचे कारण दोघींच्या फेऱ्यांतली फट सगळीकडे सारखी असून एक दुसरीच्या फटीत बरोबर बसलेली असते. शंखाचे तसे नाही. आतला जीव वाढतो तसा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा ठराविक पटीने मोठा होत जातो, म्हणून शंख वाढला तरी त्याचा घाट तोच राहतो. गणितज्ञ याकोब बर्नोली या दुसऱ्या वक्रावर इतका लुब्ध होता की आपल्या समाधीवर तो कोरावा अशी त्याची इच्छा होती. १७०५ साली तो वारला. बाझेल येथील त्याच्या स्मृतिशिलेवर पाथरवटाने कोरले ते मात्र समान अंतराचे वेटोळे. शंखाच्या जागी चकली आली, असे मुलांना सांगितले की त्यांना दोन्ही वक्र कायमचे लक्षात राहतात.

गोगलगाईचे कवच वेटोळे आणि मळसूत्र या दोहोंच्या मधले आहे : फेरे रुंदावत जातात आणि त्याच वेळी खालीही उतरतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी कोवळे सोयाबीन फस्त केले, तेव्हापासून या कवचाची ओळख आपल्या मुलांना नव्याने करून द्यावी लागत नाही. रिकामे कवच टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले की तोंड उजव्या हाताला येते. शंखाच्या बाबतीत मात्र एक घोटाळा होतो. आपण शंख पाण्याची पन्हाळ, म्हणजे पाणी ओतायचे निमुळते टोक, वर करून धरतो, म्हणजे प्राणिशास्त्रज्ञ धरतात त्याच्या उलटा. त्यामुळे आपण ज्या दुर्मीळ शंखाला दक्षिणावर्त म्हणतो तो त्यांच्या मोजणीत डाव्या वळणाचा ठरतो. पीळ बदललेला नसतो. तोंडाची बाजू तेवढी बदललेली असते.

‘येटोळं’ या उच्चाराविषयी. आपल्या बोलीत शब्दाच्या आरंभीचा ‘वे’ नेमाने ‘ये’ होतो : वेळ-येळ, वेस-येस, वेणी-येणी, वेडा-येडा. एका शब्दापुरती ही चूक नसून बोलीचा नियम आहे. शेवटचा ‘अं’ तर अधिक जुना आहे. पूर्वी हा शब्द ‘वेटोळें’ असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे लेखनात ‘वेटोळे’ उरले आणि बोलण्यात ‘वेटोळं’ चालू राहिले. मुलाने वर्गात येटोळं म्हटले तर फळ्यावर वेटोळे लिहावे आणि पुढे जावे. त्याला थांबवून दुरुस्त करू नये.

आता आपल्या यादीकडे. डासांची कॉइल : वेटोळे. दोर : पीळ. कवचासाठी ‘शंखाकार’ हा शब्द पुरेसा आहे. चांदमिनारातला जिना मधल्या आधाराभोवती फिरत वर चढतो, म्हणून तो मळसूत्री जिना, किंवा बोलण्यात चक्री जिना. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला गोल बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे आणि तिच्या पायऱ्या फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. सहल काढता आली तर मुलांना दौलताबादच्या आधी तिथे न्यावे. मिनारात आत शिरल्यावर जिन्याचा आकार डोळ्यांना एकदम दिसत नाही, पायांना जाणवतो. बारवेच्या काठावर उभे राहिले की खाली पाण्यापर्यंतचे सगळे फेरे एका नजरेत येतात, आणि वरून पाहणाऱ्याला जे वेटोळे दिसते ते उतरणाऱ्याला मळसूत्र असते.